रेंज कुणाची?

(वणी येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



खिशातला मोबाईल काढा. किती काड्या दिसतात? दोन? तीन? मी सांगतो, त्या काड्यांवर भरवसा ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे मोबाईल बनवणारी कंपनी ठरवते. खरा आकडा सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत सापडतो. उणे ऐंशी असेल तर ठीक. उणे एकशेदहा असेल तर सिग्नल त्याच्या हजारपट दुबळा.

आणि हा आकडाही टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती येतो, एवढंच सांगतो. आपला आवाज टॉवरला पोचतो का, ते सांगत नाही. टॉवर वीसेक वॅटनं, कधी त्याहून जोरानं बोलतो. आपला फोर-जी मोबाईल फार तर एक पंचमांश वॅटनं. म्हणून कडेच्या वस्तीत पलीकडचा माणूस ऐकू येतो आणि आपण 'हॅलो, हॅलो' बोंबलत राहतो. टॉवर लांब असला की मोबाईल जीव तोडून ओरडतो, बॅटरी लवकर बसते. वरचं खाली ऐकू येतं, खालचं वर पोचत नाही. ही तऱ्हा आपल्याला नवी आहे का?

वणीच्या उत्तरेला सप्तशृंगीचा डोंगर, पश्चिमेला सुरगाणा-पेठचे डोंगर. लहरी डोंगर फोडून जात नाहीत. दरीतला पाडा आडोशालाच राहतो. गडावर यात्रेच्या गर्दीत उलटं होतं. काड्या भरलेल्या, तरी फोन लागत नाही. कारण टॉवर मोजके आणि मागणारे हजारो. दुखणी दोन, औषधंही दोन. पाड्याला नवा टॉवर हवा, गडाला वाढीव क्षमता हवी.

कुणी म्हणेल, रील दिसली नाही तर काय बिघडलं? अरे, रील गेली खड्ड्यात! १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवर फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. फोटो चढला नाही की दिवसभर माती उपसलेल्या बाईची मजुरी अडकणार. रेशनला अंगठा लावायचा, तर त्या मशीनलाही नेट लागतं. रेंज गेली की मजुरीही अडते आणि धान्यही.

पैसा नाही म्हणता? खेड्यापाड्यांत दूरसंचार पोचवण्यासाठी २००२ पासून कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के हिस्सा काढला जातो. २०२२ मध्ये केंद्रानं २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. तो पैसा शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जचाच.

मग करायचं काय? ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे जाहीर करावे लागतात. नकाशा उघडा. रंग भरलेल्या पाड्यावर स्वतः जाऊन उभे राहा. जागा, वेळ, आकडा लिहा. फोन लागला का, समोरच्याला आपलं ऐकू गेलं का, तेही लिहा. दहा पाड्यांची वही झाली की ती घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ. तिथं रेंज असते. आपलं ऐकू येत नाही, असं त्यांना म्हणता येणार नाही.