संगीतशास्त्राचा बाऊ



“आम्हांला गाणें आवडतें, पण त्यांतलें शास्त्र कांहीं कळत नाहीं,” असें सांगणारे सुशिक्षित गृहस्थ जळगांवांत भेटतात, तसे धुळ्यांतही भेटतात. जणूं शास्त्र म्हणजे कडीकुलुपांत ठेवलेला ऐवजच! आज तें कुलूप आपण उघडून पाहूं.

प्रथम ताल. जळगांवजवळच्या असोदे गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, काम करतां करतां त्या ओव्या रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आदि घरच्या मंडळींनीं त्या टिपून ठेवल्या आणि त्यांच्या पश्चात् १९५२ सालीं त्या पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. त्यांतील चरण बहुधा आठ अक्षरांचा. जात्याच्या खुंट्यावर हात आहे अशी कल्पना करा आणि तीं अक्षरें चार-चार करून म्हणा. हात जेथून निघाला तेथेंच परत येतो. तालाच्या अशा आरंभस्थानाला गवई ‘सम’ म्हणतो. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे चार मात्रांचे चार विभाग, आणि पुन्हां सम. ताल हा एक फेरा आहे, आणि फेरा म्हणजे काय हें दळणाऱ्या बाईला कोणी शिकवावें लागत नाहीं.

आतां स्वर. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडा आणि कान स्थिर करा. षड्जाच्या पोटांतून पंचम निघतो आणि मागाहून गंधारही ऐकूं येतो. कारण तार जशी अखंड कंप पावते, तशीच ती दोन, तीन, चार, पांच भागांतही कंप पावत असते. पांच भागांच्या कंपनांतून गंधार उमटतो. तारेखालचा सुताचा धागा योग्य जागीं सरकवून जवारी साधली, कीं हे सूक्ष्म ध्वनी स्पष्ट होतात. षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरल्यास हा गंधार ३०० कंपनांचा येतो. समान अंतरांच्या पट्टींत लावलेल्या पेटीवर तोच सुमारें ३०२.४ होतो. एवढ्याशा फरकानें तयार कानाला खटकतें. १९४० सालीं सरकारी रेडिओनें पेटीला मज्जाव केला आणि तो सुमारें तीस वर्षें टिकला. पेटीवरील प्रमुख आक्षेप दोन होते : एक हा, आणि दुसरा तिच्यावर मींड निघत नाहीं हा.

परंतु बालगंधर्वांची गोष्ट पाहा. बालपणीं त्यांनीं जळगांवांत मेहबूबखाँ यांच्याजवळ गाण्याचे धडे घेतले. पुढें रंगभूमीवर त्यांच्या साथीला ऑर्गन असे, आणि त्याचेही स्वर पेटीसारखेच ठरीव. तरीही श्रोते तल्लीन होत. जी मींड वाद्यांत नव्हती ती त्यांच्या गळ्यांत होती. फरक कोठें आहे हें शास्त्र दाखवितें. तो कितपत खपवून घ्यावा हें मात्र रसिकाचा कान ठरवितो. शास्त्राचा अधिकार एवढाच, आणि म्हणूनच त्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.

जातें आतां बहुतेक घरांतून गेलें आहे. पण ओव्या पाठ असलेली एखादी आजी अजून घरांत असेल, तर तिला एक ओवी म्हणावयास सांगा. आपण हातानें ठेका धरा आणि चरण कोठें फिरून येतो तें शोधा. शास्त्राचा पहिला धडा तोच. आणि आजीबरोबर ती ओवी जाण्यापूर्वीं तो घेतलेला बरा.