मूल आपले आहे
(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय अवघड आहे. समजायला नव्हे, बोलायला. बाईपण, पुरुषपण आणि माणसाला माणसाची वाटणारी ओढ, यांविषयी आज आम्ही सांगणार आहोत. खाली मान घालून बसू नका, आणि एकमेकांकडे पाहून हसूही नका. ही आपल्या घरातल्या लेकरांचीच गोष्ट आहे.

या विषयावर मराठीत बोलणे नवे नाही. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे या नावाचे एक गृहस्थ होते. स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणारे महर्षी कर्वे, त्यांचे हे चिरंजीव. १९२७ साली रघुनाथरावांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढले. वाचक त्यांना शरीराविषयी, स्त्रीपुरुष संबंधांविषयी प्रश्न विचारीत आणि ते सरळ उत्तरे देत. याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांचा मुद्दा आजही खरा आहे: लोकांचे अज्ञान घालवायचे तर त्यांना ज्ञानच दिले पाहिजे.

तर आता नीट ऐका. तीन गोष्टी आहेत. त्या तीन वेगळ्या आहेत. आपण त्यांची खिचडी करतो आणि तेथेच सारा घोटाळा होतो.

पहिली गोष्ट शरीराची. आईच्या आणि बापाच्या बीजात फार बारीक धागे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. आईकडून नेहमी 'एक्स' नावाचे गुणसूत्र येते. बापाकडून 'एक्स' येते किंवा 'वाय' येते. 'एक्स' आले तर बहुधा मुलगी होते, 'वाय' आले तर मुलगा. म्हणजे पहा, मुलगीच झाली म्हणून सुनेला बोल लावण्यात काही अर्थ आहे काय? आणि मुलाला तरी का बोल लावावा? कोणते बीज जुळावे हे कुणाच्या हातात नसते.

काही थोडी मुले अशीही जन्मतात, की त्यांचे शरीर धड मुलाचे नाही, धड मुलीचे नाही. हे कुणाच्या पापाचे फळ नव्हे. आईने ग्रहण पाहिले म्हणूनही असे होत नाही. गर्भात वाढ होताना निसर्गाकडूनच असे घडते. असे मूल झाले तर लपवू नका. चांगल्या डॉक्टरला दाखवा.

दुसरी गोष्ट मनाची. आपण पुरुष आहो की बाई, हे प्रत्येकाला आतून वाटत असते. याला लिंगभाव म्हणतात. बहुतेकांचे शरीर आणि मन एकच सांगतात. काहींचे तसे नसते. शरीर मुलाचे, पण मन म्हणते मी मुलगी. कुणी मुलगी म्हणून वाढते, पण मनातून तो पुरुष असतो. अशांना आपण तृतीयपंथी म्हणतो.

येथे एक चूक करू नका, बरं का. तान्ह्या पोळ्याला पोरगी लाकडी नंदी घेऊन निघाली म्हणून ती पोरगा होत नाही. पोराने दारापुढे रांगोळी काढली म्हणून तो बायकी ठरत नाही. कामे समाजाने वाटून दिलेली आहेत. मन ज्याचे त्याचे असते.

तिसरी गोष्ट ओढीची. पुष्कळ पुरुषांना बाईची ओढ वाटते, पुष्कळ बायांना पुरुषाची. काही पुरुषांना पुरुषाचीच वाटते, काही बायांना बाईचीच. त्यांना समलिंगी म्हणतात. काहींना दोघांचीही ओढ वाटते, आणि काहींना कुणाचीच नाही. समलिंगी माणूस तृतीयपंथी असतोच असे नाही. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच समजतो.

लोक आम्हाला विचारतात, "गुरुजी, हा रोग नव्हे काय?" नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढून टाकली. "मग हा गुन्हा तरी असेल?" तोही नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही. सज्ञान आणि राजीखुशीने, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. अठरा वर्षांखालच्या लेकराशी कुणी लैंगिक चाळा केला तर तो गुन्हाच आहे, मग करणारा बाई असो, पुरुष असो की घरचा नातेवाईक असो.

"लग्न करून दिले म्हणजे सुधारेल," असे घरोघरी म्हणतात. असं बघा, अंगारेधुपाऱ्याने डोळ्यांचा रंग बदलत नाही, तशी ही ओढही बदलत नाही. तुमचे पोरगे मुकाट्याने बोहल्यावर उभे राहील. पण परक्याची लेक घरात येईल आणि तिचाही जन्म वाया जाईल. तिने काय बिघडविले?

आता आपल्या नागपूरकडे पाहू. चौकात सिग्नलला गाडी थांबली की तृतीयपंथी हात पुढे करतात. घरी बाळ झाले की बधाई मागायला येतात. काहून येतात? त्यांना दुसरे काम आपण दिले काय? इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही प्रांतांत त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घातली. ज्याचे नाव नोंदवहीत आहे त्याने बायकांचे कपडे घालून रस्त्यात येणे, नाचणे गुन्हा ठरविले. तो कायदा गेला, पण लोकांच्या मनातला संशय गेला नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तृतीयपंथी या देशाचे पुरे नागरिक आहेत.

आणि २०१८ साली नागपुरात काय झाले ते ऐका. लोकअदालत तुम्हाला ठाऊक आहे. तेथे भांडणे तडजोडीने मिटवितात, आणि झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकुमाइतकाच मान असतो. त्या लोकअदालतीच्या मंडळावर विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्त्यांना नेमले. लोक आपली भांडणे घेऊन त्यांच्यापुढे बसले. संधी मिळाली, तर ज्याला आपण चौकातच पाहतो तो माणूस न्यायाच्या आसनावरही बसतो.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. असे मूल शाळेतून कसे जाते ते आम्हाला ठाऊक आहे. आधी पोरे त्याच्या चालण्यावर हसतात. मग ते मधल्या सुटीत एकटे बसते. मग लघवीला जायलाही भिते. मग हजेरीपटावर आठवडाभर गैरहजेरीच्या खुणा लागतात, आणि पुढे नावच कमी होते. घरी बापाने मारलेले असते. आई पदराने डोळे पुसते, पण बोलत नाही. शाळा सुटली, घर सुटले, की त्या मुलाने जावे कुठे?

म्हणून इतकेच करा. मूल असे काही सांगू लागले तर हात उगारू नका. आधी पुरते ऐकून घ्या. "लोक काय म्हणतील" हे नंतर पाहू. त्याची शाळा सोडवू नका. घरातून तर मुळीच काढू नका. 'हिजडा', 'छक्का' हे शब्द शिवी म्हणून घरात उच्चारू नका. तुमचे मूल ते ऐकते, आणि आपले गुपित आणखी खोल दडवून ठेवते.

मनात शंका राहिल्या असतील. चारचौघांत विचारायला लाज वाटेल, हे आम्ही जाणतो. कर्व्यांचे वाचकही पत्रानेच विचारीत. पुढच्या वर्गाला येताना प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणा. नाव घालू नका. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. आता तुम्हाला लिहिता येते.