तासाभराची सात वर्षं

आज एका सिनेमाची गोष्ट सांगते. २०१४ सालच्या ‘इंटरस्टेलर’ या इंग्रजी सिनेमात कूपर नावाचा शेतकरी आहे. रोगानं पिकं जातात, धुळीची वादळं उठतात, म्हणून माणसांसाठी नवं घर शोधायला तो अवकाशात निघतो. १० वर्षांची लेक, मर्फ, रुसून बसते.

कृष्णविवराजवळच्या ग्रहावर काळ सावकाश चालतो. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं! तो यानात परततो, तेव्हा घरी २३ वर्षं उलटलेली असतात. घरून आलेले व्हिडिओ बघताना तो ढसाढसा रडतो. मर्फचा पहिला व्हिडिओ येतो, तो ती बापाच्या वयाची झाल्यावर.

कामासाठी लांब गेलेल्याचा दिवस कामात सरतो, वाट बघणाऱ्या लेकराचा सरत नाही. मूल फोनवर बोललं नाही, तर रागावू नका. रुसव्यातही माया असते. आपण बोलत राहायचं.