जुने कर्ज आणि नवी सही
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



आमच्या कचेरीत संध्याकाळी जे सभासद येतात, त्यांतले बरेचजण हल्ली बदली किंवा क्वार्टरचे काम घेऊन येत नाहीत. दाराशी घुटमळतात, बाकीचे उठून गेले की खिशातून घडी घातलेला कागद काढतात. वसुलीवाल्याची नोटीस. आणि नोटीस कुठल्या कर्जाची, तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या. गंमत अशी की ती पोचवणारा पोस्टमन आपला आणि घेणारा ट्रॅक मेंटेनरही आपलाच. म्हणून आज पगारवाढीचा विषय बाजूला ठेवून यावर बोलायचे ठरवले आहे.

एका सभासदाचे उदाहरण घेऊ. नाव सांगत नाही. मुलीच्या लग्नासाठी २०१२ साली त्याने एका खासगी फायनान्स कंपनीकडून साठ हजार काढले. २०१४ पर्यंत हप्ते भरले, मग बायकोचे आजारपण निघाले आणि हप्ते थांबले. कंपनीने कोर्टात दावा लावला नाही. पुढे ते कर्ज भलत्याच कोणीतरी विकत घेतले आणि त्याचा माणूस डेपोच्या गेटवर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, फक्त सात हजारांत मिटवून देतो, तेही हप्त्याने. इथे एक सही करा." सात हजार ऐकून आपल्या माणसाला हायसे वाटले. सही करण्याआधी तो कचेरीत आला, एवढे बरे झाले.

मित्रहो, मुदतीचा कायदा १९६३ सालचा आहे. वैयक्तिक कर्ज, हातउसने, क्रेडिट कार्डाची बाकी यांसाठी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची. मुदतीनंतर दावा आला आणि प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरीही न्यायाधीशाने तो फेटाळलाच पाहिजे, असे कलम ३ सांगते. या सभासदाचा शेवटचा हप्ता २०१४ चा, म्हणजे फार पूर्वीच मुदत संपलेली. मात्र मोजणी नीट करावी लागते. करोनाच्या काळातला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा अवधी सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या हिशेबातून वगळला आहे. ज्याचे हप्ते २०१९ मध्ये थांबले, त्याने बोटांवर तीन वर्षे मोजून निर्धास्त होऊ नये.

मग कर्ज बुडाले का? नाही. मुदत संपली की दाव्याची वाट बंद होते, देणे मरत नाही. हे तत्त्व आपल्याच लोकांच्या पैशावरून सांगितले गेले आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने, कामगारांनी न उचललेले पगार गिरण्यांनी निधीत भरावेत असे ठरवले. प्रकरण बॉम्बे डाइंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्याचा तो भाग तेव्हा टिकला नाही, पण मुदत संपल्याने पगाराचे देणे नाहीसे होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. मालकाकडे आपले पैसे होते तेव्हा हे तत्त्व आपल्याला गोड लागले. आता कर्ज आपल्या अंगावर आहे म्हणून ते कडू लागून चालणार नाही. ज्याला आपल्या मनाने जुने देणे फेडायचे आहे त्याने खुशाल फेडावे. आम्ही कोणाला पैसे बुडवायला शिकवत नाही. पण फेडायचे तर ज्याला देता त्याच्याकडे कर्ज आले कसे, याचा कागद आधी मागा, पैसे बँकेतून द्या आणि 'संपूर्ण बाकी फिटली, येणे नाही' असे लेखी हातात घ्या.

आता त्या सहीकडे वळू. वसुलीवाल्याला सात हजारांपेक्षा सहीची गरज जास्त असते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २५ असे आहे की, मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी वचन कर्जदाराने सही करून दिले, तर तो नवा करार होतो. मेलेला दावा पुन्हा उभा राहतो. सात हजारांच्या कागदात खाली बारीक अक्षरांत 'हप्ता चुकल्यास संपूर्ण मूळ रक्कम व्याजासह देय' असे असते. आमच्या सभासदाच्या कागदातही ते होते. कोऱ्या कागदावर किंवा वचनचिठ्ठीवर सही नको आणि चेकही नको. चेक म्हणजेच लेखी वचन असे कोर्टात मानले जाऊ शकते आणि वर चेक न वटल्याची फौजदारी मागे लागते. मोबाईलवर 'पुढच्या महिन्यापासून देतो' असे लिहून पाठवले, तर तेही उद्या लेखी पुरावा म्हणून पुढे येईल. मुदत संपायच्या आत बाकी लेखी मान्य केली किंवा आपल्या सहीनिशी थोडी रक्कम भरली, तर तिथून नवी तीन वर्षे सुरू होतात. म्हणून मुदत संपत आली की वसुलीवाला एकदम गोड बोलू लागतो.

गोड बोलून भागले नाही की नोकरीची धमकी येते. "तुमच्या साहेबाला पत्र टाकतो, नोकरी जाईल." आपल्या माणसाचे पाय लटपटतात ते इथे. रेल्वेचे वर्तणूक नियम १९६६ चे आणि पोस्टाला लागू असलेले १९६४ चे; दोन्हींत नियम १७ कर्जाविषयी आहे. सतत कर्जबाजारी राहू नये आणि कर्जवसुलीसाठी कोर्टात कारवाई सुरू झाली तर ती प्रशासनाला ताबडतोब कळवावी, असे तो सांगतो. वसुलीवाल्याचे पत्र म्हणजे कोर्टाची कारवाई नव्हे. पण समन्स खरोखर आले, तर लपवू नका. लपवणे हाच वेगळा आरोप होतो. कळवण्याचा अर्ज कचेरीत लिहून मिळेल.

पगारावर टाच येईल का, हा पुढचा प्रश्न. हुकूमनाम्याशिवाय जप्ती येत नाही, आणि हुकूमनामा झाला तरी अख्खा पगार जात नाही. हे संरक्षण फुकट मिळालेले नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनवर आपले ना. म. जोशी सभासद होते. १९३१ च्या अहवालात कामगारांच्या कर्जाचे चित्र आहे: रुपयाला महिन्याला एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, आणि पगाराच्या दिवशी गेटवर दंडुका घेऊन उभा राहिलेला सावकार. गेटवर असा घेराव घालणे गुन्हा ठरवावा आणि कामगाराचा पगार जप्तीपासून वाचवावा, अशी शिफारस कमिशनने केली. १९३७ साली दिवाणी कायद्यात तशी दुरुस्ती झाली. आजच्या कलम ६० प्रमाणे पोटगीचा हुकूमनामा सोडला तर पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. पगार एकतीस हजार धरला तर दहा हजारांपर्यंतच हात लागतो. त्याच हुकूमनाम्यासाठी चोवीस महिने जप्ती झाली की पुढे पगार मोकळा. सरकारी पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंड जप्त करता येत नाहीत.

गेटवरचा दंडुका आता फोनमध्ये शिरला आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले की थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, घरच्यांना आणि मित्रांना छळू नये. रात्रपाळी करून दुपारी झोपलेल्या माणसाला हे वेळापत्रक फारसे उपयोगाचे नाही, पण तक्रारीला आधार होतो. फोनची तारीख-वेळ वहीत लिहा. आधी त्या बँकेला किंवा कंपनीला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तिथे पैसे पडत नाहीत. मारहाणीची धमकी आली तर थेट पोलीस ठाणे गाठा, आम्ही बरोबर येऊ. बिगरपरवाना सावकाराची गोष्ट वेगळी. त्यासाठी राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत; इटारसी, सिकंदराबाद, हुबळीकडच्या आपल्या बांधवांनी महाराष्ट्राचा कायदा तिथे लागू आहे असे समजू नये.

ज्यांना तीन वर्षांचा नियम लागू नाही तेही सांगितले पाहिजे. घर किंवा जमीन गहाण असेल तर मुदत बारा वर्षांची. सोने तारण असेल तर मुदत संपली तरी सावकार ते विकू शकतो. कोर्टाचा हुकूमनामा बारा वर्षे बजावता येतो. आणि आपली पतपेढी! बरेचजण समजतात की पतपेढीचे कर्जही तीन वर्षांनी जुने झाले. सहकार कायद्यात सभासदाच्या देण्याची मुदत तो सभासद असेपर्यंत सुरूच होत नाही. मृत्यू झाल्यावर किंवा सभासदत्व संपल्यावर ती मोजतात. आणि पतपेढीचा पैसा दुसऱ्या कामगाराचाच असतो, हेही आहे.

मागे वारलेल्या एका सॉर्टरच्या पत्नीकडे वसुलीवाले गेले आणि "वहिनी, आता तुम्ही भरा" म्हणाले. वारसाने जामीन किंवा सही दिलेली नसेल, तर मयताच्या मिळालेल्या मालमत्तेपलीकडे त्याच्यावर देणे येत नाही. वहिनींनी घाबरून मान्यतेचे पत्र लिहून दिले असते तर भांडण वाढले असते.

शेवटी कागदांबद्दल. लोक अदालतीची नोटीस आली म्हणजे अटक होणार असे नव्हे. दावा दाखल नसताना आलेल्या नोटिशीला गेला नाहीत तर शिक्षा नाही. पण गेलात आणि तडजोडीवर सही केलीत, तर तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरतात आणि त्यावर अपील नाही. समन्स मात्र अजिबात टाळायचे नाही. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवले तरी कोर्ट ते पोचले असेच धरते. आपल्या पोस्टमन बंधूंनी हे लोकांना दारातच सांगावे. गैरहजर राहिलात की एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मुदत संपल्याचे कोर्टाला सांगायला कोणी उरत नाही. वसुलीवाल्याला उत्तर द्यायचे तर स्पीड पोस्टाने पोच घेऊन द्या. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झाले आहे. उत्तरात 'देईन', 'बाकी मान्य' हे शब्द येऊ देऊ नका. 'ही मागणी मुदतबाह्य असून आम्हांस मान्य नाही' एवढे पुरे.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कचेरीत वकील बसतात. येताना कागद पाकिटासकट आणा. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख लागते.