कूलरचं शेड, काळी माती आणि ३० मिलीअँपिअर

होळी झाली की आपल्याकडे, अकोल्यात काय अन् अमरावतीत काय, घरामागच्या टिनाच्या शेडांत एकच आवाज सुरू होतो. पत्रा कापायचा, भोकं पाडायची, ग्राइंडर, वेल्डिंग. कूलरचा सीझन! बरीच पोरं आजकाल घरच्या घरीच हे काम करतात. आणि दर उन्हाळ्यात पेपरात कूलरचा करंट लागून कोणीतरी गेल्याची बातमीही येतेच. म्हणून आजचा भाग घरच्या वर्कशॉपच्या वायरिंगवर. थोडा आकड्यांचा आहे, पण आकडे सोपे आहेत.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. ‘आमच्याकडे एमसीबी लावलाय, काही होत नाही.’ एमसीबी हा वायरीला वाचवायला असतो, माणसाला नाही. ओल्या हातानं तुम्ही २३० व्होल्टला शिवलात आणि अंगाचा रोध अंदाजे १००० ओहम धरला, तर अंगातून जातो ०.२३ अँपिअर. म्हणजे २३० मिलीअँपिअर, जीव जायला पुरेसा. आणि तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा! त्याला तुम्ही म्हणजे एखाद्या बल्बापेक्षाही कमी लोड. तो कायले पडेल?

मग लोक म्हणतात, अर्थिंग आहे ना. आता इथंच आपली वऱ्हाडची माती मध्ये येते.

मशीनच्या आत फेजची वायर सोलली आणि पत्र्याला टेकली, तर करंट अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जातो. किती जाईल, हे जमीन किती ओढून घेते त्यावर ठरतं. पावसाळ्यात काळी माती ओली, फुगलेली, रॉडला चिकटून बसलेली. समजा रोध ५ ओहम आहे. २३० भागिले ५, म्हणजे साधारण ४६ अँपिअर. एमसीबी काही सेकंदांनी का होईना, पडेल. आता मे महिना आणा. पारा ४५ च्या पुढे, जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा. तीच माती आकसते, रॉडपासून सुटते, मध्ये हवा राहते. समजा रोध ५० ओहम झाला. २३० भागिले ५०, फक्त ४.६ अँपिअर. १६ चा एमसीबी जागचा हलणार नाही. मशीन चालू, पत्र्यात जवळजवळ पूर्ण दाब, आणि तुम्हाला पत्ता नाही. ज्या महिन्यात कूलर चालतात, त्याच महिन्यात आपलं अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं!

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा इकडच्या ऐकणाऱ्यांसाठी अजून एक. तुमचा पूर्णेचा खारपाणपट्टा. खारट मातीत करंट बरा जातो, पण तीच माती जीआयचा पाइप आणि वरचा क्लॅम्प खाऊन टाकते. वरून वायर दिसते, खाली जोड गंजून मोकळा. तिथं तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या आणि क्लॅम्प दर वर्षी उघडून पाहा.

‘आम्ही टेस्ट लॅम्प लावून पाहिलं, बल्ब मस्त पेटला.’ अहो, १०० वॉटचा बल्ब स्वतःच ५०० ओहमच्या वर असतो. त्याच्यापुढे ५० ओहमचं अर्थिंग जोडलं तरी बल्बाला २१० व्होल्ट मिळतात, तो झकास पेटणारच. बल्ब एवढंच सांगतो की वायर तुटलेली नाही. खरा रोध अर्थ टेस्टरनंच कळतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तो मोजून घ्या, आणि मोजायचा तर मे महिन्यात मोजा. ऑगस्टचा आकडा घेऊन काय करता?

यावर इलाज आहे आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलीअँपिअर कुठं बाहेर गळाले की क्षणात लाइन तोडतो. ५० ओहमच्या वाळक्या अर्थिंगवरही गळायला ३० मिलीअँपिअरपेक्षा कितीतरी जास्त मिळतात, म्हणून तो पडतो. मग अर्थिंग कायले पाहिजे? कारण अर्थिंग असेल तर बिघाड झाला त्याच क्षणी तो पडेल. नसेल तर कोणाचा तरी हात लागल्यावर पडेल. आणि एमसीबी काढू नका. ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाही, त्याचं काम ते नाही.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरीचा तुकडा लावून जोडतात. ‘भाऊ, अर्थिंग झालं!’ काही झालं नाही राजेहो. मागं कुठं न्यूट्रल तुटला, की लोड चालू असताना तोच फेज मोटरमधून फिरून थेट मशीनच्या अंगावर येतो. या जोडामुळं आरसीसीबी सारखा पडतो, मग तोच माणूस म्हणतो, हा डबा खराब आहे, काढून टाका. डबा खरं बोलत असतो. सारखा पडत असेल तर गळती शोधा.

वायरीचा विषय लवकर आटोपतो. घरातून शेडपर्यंत ३० मीटर १.५ स्क्वेअरची वायर ओढली आणि २ एचपीची सिंगल फेज मोटर लावली, तर सुरू होताना ती ६० अँपिअरच्या आसपास ओढू शकते. जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यात ४० व्होल्टच्या वर मध्येच जळतात. मोटर गुणगुणते, फिरत नाही, वाइंडिंग तापतं. ४ स्क्वेअर टाका, तोटा १७ व्होल्टवर येतो. एमसीबी सी-कर्व्हचा घ्या, सुरुवातीच्या झटक्यानं पडत नाही. वायरीचे जोड जमिनीवर, ताटव्यांच्या ओलाव्यात ठेवू नका.

मशीनबद्दल दोन गोष्टी. लाइन गेली, ग्राइंडरचं बटण चालूच राहिलं, तुम्ही वाकून पत्रा उचलताय आणि लाइन आली. पुढचं सांगायला नको. बसवलेल्या मशीनला नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर लावा, लाइन आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. हातातल्या ग्राइंडरला ती सोय नसेल तर लाइन जाताच प्लग काढा. दुसरी गोष्ट, उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा. ड्रिलसमोर उभं राहण्याआधी तो खुंटीला टांगा, हातमोजेही काढा. ड्रिल कापड धरलं की सोडत नाही.

कूलर तयार झाला की पाणी भरून, पंप सुरू करून, आरसीसीबीवरच तपासा. कोरडा तपासलेला कूलर गिऱ्हाईकाच्या घरी करंट देतो. आणि गिऱ्हाईकाला सांगा, पाणी भरताना आधी प्लग काढा.

शेवटचं, आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला. पण त्या बटणाचा अर्थिंगशी संबंध नाही, अर्थिंगची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडतोच. त्यासाठी मोजणी वेगळी करावी लागते. शेडात अर्थिंग आहे की नाही हे पाहायला आज जेवण झाल्यावर मागच्या दारी जा, आणि क्लॅम्पचा फोटो काढून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात वेल्डिंग मशीन घेऊ.