अर्ध्या किलोचा हिशोब
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझा छंद’. पण आज मी छंदाच्या एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. कारण डिसेंबरमध्ये आपल्या सोसायटीतली सहा मुलं-मुली केदारकंठाच्या ट्रेकला निघाली आहेत, आणि गेले पंधरा दिवस लिफ्टमध्ये कुणी ना कुणी मला विचारतंय, “अहो, ते बुटाखालचे खिळे ऑनलाइन हलके मिळतात म्हणे. घ्यायचे का?”

ही बघा ती वस्तू. हिला क्रॅम्पॉन म्हणतात. बुटाखाली बांधायचा दातेरी सांगाडा. आपण डोंबिवलीकर सह्याद्रीत वाढलो. गच्चीवरून मलंगगड दिसतो, पहाटेची लोकल पकडून माहुली करायचा, कल्याणहून एसटीने खुबी फाट्याला उतरून हरिश्चंद्रगड गाठायचा. पायात अॅक्शनचे बूट असले की आपल्याला कातळावर कशाची भीती नसते. शेवाळ असेल तर बसून उतरायचं. पण कडक बर्फावर बसलं की माणूस उतरत नाही, सुटतो. तिथे बुटाचं रबर काही कामाचं नाही. दातच लागतात.

हे दात आजच्या रूपात आणणारा माणूस आपल्या गावाला जवळचा वाटेल असा होता, म्हणजे रेल्वेतला इंजिनिअर. ऑस्कर एकेनस्टाईन. 1902 साली के-टू शिखरावर चढायचा प्रयत्न करणाऱ्या तुकडीचा तो म्होरक्या होता. 1908 च्या सुमारास त्याने दहा दातांचा क्रॅम्पॉन आखला आणि इटलीतल्या कूरमायर गावच्या हेन्री ग्रिव्हेल नावाच्या लोहाराने तो घडवला. पुढे 1929 मध्ये त्याच्या मुलाने पुढच्या बाजूला आणखी दोन दात काढले. त्यामुळे उभ्या बर्फात बुटाचं टोक रोवून चढता यायला लागलं. आजही बहुतेक क्रॅम्पॉन दहा किंवा बारा दातांचेच असतात.

मी पहिल्यांदा ते पायात घातले मनालीच्या संस्थेत, सव्वीस दिवसांच्या बेसिक कोर्सला. पोलादी जोडी, जवळजवळ एक किलोची. संध्याकाळी पाय उचलवत नसत. गिर्यारोहकांत म्हणतात की पायातला एक किलो हा पाठीवरच्या पाच किलोंसारखा असतो. त्यात अतिशयोक्ती असेल, पण चौथ्या दिवशी ती पटते.

चाळिशीत मला स्कीइंगचं वेड लागलं. औलीला शिकलो. नंतर कळलं की स्की टूरिंग म्हणून एक प्रकार आहे. त्यात गंडोल्याने वर जायचं नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या. त्या पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत. अशा पट्ट्यांवर स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मग स्कीवरून खाली यायचं. उतार फार उभा किंवा फार कडक झाला की स्की काढून पाठीवर बांधायच्या आणि क्रॅम्पॉन घालून चालायचं. दिवसभरात तो तुकडा अर्ध्या तासाचा असेल, पण क्रॅम्पॉन दिवसभर पाठीवर. म्हणून ही मंडळी अॅल्युमिनियमचे वापरतात. अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून ही जोडी चारशे-पाचशे ग्रॅममध्ये बसते. म्हणजे अर्धा किलो वाचला.

पण तो अर्धा किलो फुकट वाचत नाही. आपण कढई हिंडालियमची घेतो, पण विळीचं पातं हिंडालियमचं घेतो का? मऊ धातूला धार टिकत नाही. अॅल्युमिनियमचे दात घट्ट झालेल्या हिमावर छान रुततात. निळ्या, काचेसारख्या बर्फावर ते नीट रुतत नाहीत, आणि दगडांवरून चार वेळा चाललात की बोथट होतात. तेव्हा निळा बर्फ आणि दगड असतील तर पोलाद, हिमाचा उतार आणि लांबचा पल्ला असेल तर अॅल्युमिनियम.

आता खरी गोष्ट. 2018 च्या मार्चमध्ये आम्ही दोघं गुलमर्गला गेलो. मी आणि माझा मित्र. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय. “सांग, पण नाव घेऊ नको,” या अटीवर सांगतोय. बरोबर तिथला गाईड. अफरवतच्या बाजूचा उतार, सकाळची वेळ, रात्रभर गोठून वरचा थर कडक झालेला. गाईड म्हणाला, स्की काढा, क्रॅम्पॉन घाला.

माझी जोडी नवी, हलकी, कौतुकाची. घरी हॉलमध्ये बसून ट्रेकिंगच्या बुटाला तंतोतंत बसवून आणलेली. पण पायात होते भाड्याने घेतलेले स्कीचे बूट! त्यांचा तळवा लांब. क्रॅम्पॉनच्या पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारी पट्टी बोटभर कमी पडली. ती सरकवायला हातमोजे काढावे लागले. वारा असा की दोन मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. मित्राचे घालून झाले होते. माझी धडपड बघून तो दोन पावलं खाली आला. वळताना एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकला.

तीस-चाळीस फूट गेला. खाली मऊ हिम होतं, तिथे थांबला. मनगट मोडलं. त्या हिमाच्या जागी दगड असते तर आज तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी असती. संध्याकाळी त्याच्या बायकोला फोन मी केला. “वहिनी, तसं काळजीचं काही नाही,” एवढं बोलायला मला तीनदा आवाज साफ करावा लागला.

परत आल्यावर बिल्डिंगमध्ये सगळे म्हणाले, “हलकं घेतलंत, म्हणून झालं.” मीही बरेच दिवस मान डोलवत होतो, कारण वस्तूवर खापर फोडणं सोपं असतं. आज सगळ्यांसमोर सांगतो, त्या उतारावर हलके क्रॅम्पॉन अगदी योग्य होते. चूक माझी होती. मी वजनाचा हिशोब ग्रॅममध्ये केला आणि बुटाचं माप घेतलंच नाही. ज्या बुटावर घालायचं, त्याच बुटावर बसवून बघायचं, हे पाच मिनिटांचं काम आदल्या रात्री हॉटेलात करायचं राहिलं. त्याची किंमत दुसऱ्याच्या मनगटाने दिली.

तर मुलांनो, तुमच्यासाठी. केदारकंठाच्या नेहमीच्या वाटेवर तुम्हाला क्रॅम्पॉन नकोतच. तिथे वापरतात ते मायक्रोस्पाइक. रबरी पट्टा, साखळी आणि छोटे दात. ते सपाट किंवा मध्यम उताराच्या वाटेसाठी आहेत. उभ्या उतारावर ते घालून धाडस करायचं नाही. जे घ्याल ते स्वतःच्या बुटावर इथेच चढवून बघा, एकदा उजेडात आणि एकदा हातमोजे घालून डोळे मिटून. पाय थोडे फाकवून चाला, ढगळ पँट घालू नका, लोंबणारे पट्टे खोचून ठेवा. आणि कुणाची मदत लागली तर आधी जागेवर नीट उभं राहायचं, मगच वळायचं.

पंचवीस वर्षांत आपण या सोसायटीत टँकरची रांग बघितली, गळकी गच्ची बघितली, सभेतली भांडणंही बघितली. अडचणीत कुणी ना कुणी दोन पावलं खाली उतरून आलंच आहे. येणाऱ्याचा पाय घसरू नये याची काळजी मात्र आपण आधीच घ्यायला हवी.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी स्टिल्ट पार्किंगमध्ये बसतो. बूट आणि आणलेलं सामान घेऊन या. आई-वडिलांनीही या. चहा माझ्याकडून. मित्रही येणार आहे. पट्टे कसे खोचायचे ते तोच दाखवणार आहे, असं त्याने आत्ता खुणेने सांगितलंय.