आटे गेलेला नट



गेल्या महिन्यात माझी मोटरसायकल शोरूमच्या सर्व्हिसिंगहून घरी आली, ती आरशासारखी चकाकत. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तिच्याखाली रुपयाएवढा काळा डाग. इंजिन ऑइल!

गल्लीतल्या मिस्त्रींनी वाकून पाहिलं. ऑइल सोडायचा तळाचा नट कुणीतरी अंगातली सगळी ताकद लावून आवळला होता. नट पोलादाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं. आतले आटे गेले. वायसर जुनाच. बिलात मात्र नवा! चेन तर अशी ताणलेली, की बोटानं दाबली तरी हलेना. बहुतेक गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध दोन-तीन सेंटिमीटर ढील लागते. ती नसली, की प्रत्येक खड्ड्यात बेअरिंग मार खातं.

तक्रार घेऊन गेलो. टायवाले साहेब हसून म्हणाले, “सर, जनरल चेकिंग केलंय.” काचेपलीकडे एक पोरगा एकटाच चार गाड्यांशी झुंजत होता. नेमका किती जोर लावायचा ते दाखवणारा टॉर्क पाना पेटीत निवांत होता. गाडीची तक्रार ऐकणारा एक, नट आवळणारा दुसरा, आणि दोघांची गाठ फक्त जॉबकार्डावर. आमचे मिस्त्री गाडी देण्याआधी स्वतः नाक्यापर्यंत चक्कर मारून येतात. उद्या चहाच्या टपरीवर मी भेटणार आहे, हे त्यांना ठाऊक असतं!

तेव्हा श्रोतेहो, जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. काढलेले भाग परत मागा. बिल जपून ठेवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जायचं असतं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही लक्षात असू द्या.

मी मात्र आधी त्या पोरालाच बाहेर बोलावून घेतलं. म्हटलं, “बाळा, एक चक्कर मारून ये.” तो गेला, आला, गाडी स्टँडला लावली.

“काका, चेन ओरडतेय.”

आणि कुणी सांगायची वाट न बघता पाना घेऊन खाली बसला.